दीपमालाबाईंचा मापाचा ब्लाऊज

पुण्यातला फेब्रुवारी म्हणजे सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा. आज तर सकाळी धुकंही होतं. बिबवेवाडीच्या चढावर रिक्षांचे दिवे लांबून पिवळे पिवळे दिसत होते. अकरा वाजता ऊन निघालं, आणि आता दुपारी दुकानाच्या दारावरचा पत्रा असा तापलाय की वर बसलेला कावळा एक पाय उचलतो, दुसरा टेकवतो. वारा नावाला नाही. तात्याराव शिंप्यांच्या दुकानात खिळ्यावर मी लटकलोय, पण बाहीसुद्धा हलत नाही.

मी मापाचा ब्लाऊज बोलतोय. दीपमालाबाईंचा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिंप्याकडे नवा ब्लाऊज शिवायला टाकायचा तर बाई आपल्या अंगाला नीट बसणारा एक जुना ब्लाऊज सोबत देते. शिंपी तो नव्या कापडावर पसरतो, कडेकडेने खडू फिरवतो, शिवणीसाठी बोटभर माया सोडतो आणि कात्री चालवतो. त्या जुन्याला म्हणायचं मापाचा ब्लाऊज. आठ वर्षं दीपमालाबाईंचे सगळे ब्लाऊज माझ्यावरून बेतले गेले. घरातली पोरं मोठी झाली, पडदे बदलले, पण माप म्हणजे मी.

मला अक्षर येत नाही. ज्यांनी मला शिवलं त्या तात्यारावांनाही येत नाही. जे कळलं ते अंगाला लागून कळलं. त्यामुळे सांगणं माझं सावकाश, एका टाक्यामागून एक टाका. पण मी आज रडगाणं गायला बसलो नाही, भांडायला बसलोय, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म याच दुकानातला, नऊ वर्षांपूर्वीचा. जांभळं रुबियाचं कापड, आत पांढरं अस्तर. दुकान म्हणजे काय, एक मशीन, एक फळी, एक इस्त्री आणि कोपऱ्यात आडोशाला फुलाफुलांचा पडदा. दाराबाहेर गोदाबाईंची भाजीची हातगाडी. त्या आंबेगावाकडच्या, तात्यारावांच्या वीस वर्षांच्या शेजारीण. मेथी निवडता निवडता दुकानातलं सगळं ऐकतात आणि न विचारता मत देतात.

तात्यारावांच्या गळ्यात टेप कायम असतो. पण तो पडद्यांना, उशीच्या अभ्र्यांना आणि गडीमाणसांच्या लेंग्यांना. बाईमाणसाला त्यांनी चाळीस वर्षांत टेप लावला नाही. पोरवयात ते ज्या वस्तादाच्या हाताखाली शिकले तो टेप लावायला लागला की बाया मान खाली घालून डोळे मिटून घ्यायच्या. तात्यारावांना ते बघवलं नाही. स्वतःचं दुकान टाकलं त्याच दिवशी त्यांनी ठरवलं, मापाचा ब्लाऊज आणा, आपल्याकडे टेप नाही. बायांना हे फार बरं वाटलं. पार वरच्या अप्पर वस्तीपासून त्या यायच्या. पिशवी फळीवर ठेवायची, "तात्या, यावरून" एवढंच म्हणायचं आणि जायचं. ना विचारणं, ना सांगणं.

मलाही तसंच बेतलं, माझ्या आधीच्या एका तपकिरी ब्लाऊजवरून. "दोन बोटं सैल ठेवा," एवढंच बाई म्हणाल्या होत्या. आणि मी असा बसलो की तपकिरीची सुट्टी झाली. माझी कटोरी, म्हणजे छातीवरचा वाटीसारखा गोल तुकडा, कुठे चुण्या नाही, कुठे ताण नाही. मला गर्व झाला होता, खोटं कशाला बोलू?

दीपमालाबाई एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळतात. टपाल येतं त्याची नोंद, जातं त्याची नोंद. माहेर लातूरकडचं. नवरा सुदर्शन, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये. मुलगी अपेक्षा खराडीला कॉम्प्युटरच्या नोकरीत, आणि तिच्या पाठचा आनंद शिकायला नाशिकला. बाईंचं वजन तेव्हा चौऱ्याऐंशी किलो. जिना चढल्यावर बाई थांबायच्या, आणि त्यांच्या श्वासाबरोबर माझे हूक कुरकुरायचे. ते मला भरलेपण वाटायचं. मला काय कळत होतं?

दोन वर्षांपूर्वी बाईंच्या तळपायाला मुंग्या यायला लागल्या. चप्पल पायातून सुटली तरी कळेना. रक्त तपासलं तर साखर तीनशेच्या वर. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या देते. पण अर्धं काम तुमचं. वजन उतरवा."

बाईंच्या वडिलांचा पाय साखरेपायी घोट्याच्या वरून कापला होता. बाईंनी त्यांचे पायजमे धुतले होते, एक पाय मळलेला आणि एक कोरा. ते त्या कुणाला सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या तळजाईच्या टेकडीवर गेल्या. पहिल्या दिवशी निम्म्या चढावर दगडावर बसल्या आणि तिथूनच परत आल्या. महिन्याने तो दगड मागे पडला. भात एका वाटीवर आला. ऑफिसातल्या वाढदिवसाच्या केकला हात जोडून नमस्कार. दीड वर्षात बाई चौऱ्याऐंशीवरून बासष्टवर आल्या. साखर खाली आली, एक गोळी बंद झाली. पायाचा बधिरपणा मात्र सगळा गेला नाही, थोडा बोटांत राहिला.

मला हे सगळं कसं लागलं ते सांगतो. आधी कमरेशी वारा शिरायला लागला. मग बाह्या दंडावर फिरायला लागल्या. मला मौज वाटली. बाई जिना दमादमानं चढायच्या, त्या आता बोलत बोलत चढायला लागल्या. पण एक दिवस माझ्या कटोरीला काहीतरी वेगळं जाणवलं. वरचा भाग रिकामा आणि खालच्या शिवणीवर भार. जिथे मी उभा होतो तिथे अंग नव्हतं. अंग खाली गेलं होतं, आणि पूर्वीपेक्षा थोडं झालं होतं.

बाईंनीही आरशात पाहिलं. पदर लावला, पुन्हा काढला, पुन्हा लावला.

पण पुढच्या तपासणीला त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलंच. मी अंगावर होतो म्हणून ऐकलं. आधी त्यांनी पायाचं विचारलं, मग डोळ्यांचं, आणि उठता उठता म्हणाल्या, "मॅडम, आणखी एक. छाती अशी उतरली, सैल पडली. माझं चालण्यात काही चुकलं का?"

"बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही चुकलं नाही. छातीत दुधाच्या ग्रंथी असतात आणि चरबी असते. कुणाच्यात चरबी जास्त, कुणाच्यात कमी. वजन उतरतं तेव्हा ती चरबीही जाते. कुठली ठेवायची, कुठली घालवायची, हे आपल्या हातात नसतं. आणि कातडी इतकी वर्षं ताणलेली, ती तेवढी आवळत नाही. त्यात तुमची दोन बाळंतपणं, वय सत्तेचाळीस. सगळं मिळून होतं ते."

"व्यायामानं परत येईल?"

"व्यायामानं मागचा स्नायू बळकट होतो, पाठ ताठ राहते, म्हणून करा. पण गेलेलं भरून येत नाही."

"ते मालिशचं तेल मिळतं..."

"ते तेल वांग्याच्या भाजीला घाला, निदान चव तरी येईल. नीट मापाची ब्रा घ्या, जुन्या टाकून द्या. आणि हे लक्षात ठेवा, दोन्हीकडे सारखं उतरणं ही काळजीची गोष्ट नाही. गाठ लागली, एकाच बाजूचा आकार बदलला, कातडीला खळी पडली, काही स्राव आला, तर मात्र त्याच दिवशी यायचं." मग कागद पुढे सरकवत हसल्या. "माझ्याकडे वीस जणींना मी चाला म्हणून सांगते. चालते ती एक. ती तुम्ही."

त्या दिवशी बाई दवाखान्यातून मान वर करून निघाल्या. ऑफिसात हिंमतराव म्हणून एक आहेत, जीभ अशी की भाजी चिरावी. ते म्हणाले, "काय मॅडम, निम्म्याच आलात? उरलेल्या निम्म्या कुठे ठेवल्या?"

"जावकला नोंद आहे," बाई म्हणाल्या. "बघून घ्या."

सगळी खोली हसली. मीही हसलो असतो, हूक नसते तर.

बाहेरच्यांना अशी उत्तरं देता येतात. घरच्यांना देता येत नाहीत, तिथेच सगळं अडलं.

दिवाळीनंतर अपेक्षाचं लग्न ठरलं. मुलगा पियुष, अमरावतीकडचा, तिच्याच कंपनीतला. साखरपुड्याला सगळे जमले. त्यात ललिताताई होत्या, सुदर्शनच्या थोरल्या बहीण. बाई वाईट नाहीत हो. आनंदच्या वेळी दीपमालाबाईंना दवाखान्यात ठेवलं तेव्हा महिनाभर घर त्यांनीच ओढलं. पण तोंडावर ताबा नाही. जेवणाच्या पंगतीत, चारचौघींत त्या म्हणाल्या, "दीपमाला, काय ग ही दशा! गाल बसले, छाती बसली. आजारी दिसतेस. मुलाकडच्यांनी मला विचारलं, आईला काय झालंय म्हणून. लेकीच्या लग्नात आई कशी भरलेली दिसली पाहिजे."

बाईंनी ताटातला पापड मोडला. बारीक बारीक तुकडे केले. खाल्ला नाही.

रात्री त्यांनी नवऱ्याला विचारलं, "मी खरंच आजारी दिसते?" सुदर्शन मोबाइलमध्ये होते. मान वर न करता म्हणाले, "तसं नाही. पण आधी बरी दिसायचीस." वाईट मनाने नाही बोलले. विचार न करता बोलले. पण मी पाठीवर होतो, ती पाठ कशी आकसली ते मला ठाऊक.

लग्न बौद्ध पद्धतीचं, वाघोलीच्या एका कार्यालयात. आईसाठी पांढरी रेशमी साडी घेतली, निळ्या काठाची. ब्लाऊज शिवायचा म्हणून बाईंनी मला धुऊन, घडी घालून पिशवीत ठेवलं. इथेच मी ओरडायला हवं होतं. अहो, मी मापाचा राहिलो नाही! दीड वर्ष झालं, मी यांच्या अंगावर नुसता लोंबतोय! पण बाईंनी पिशवी फळीवर ठेवली आणि चाळीस वर्षं सगळ्या बाया म्हणतात तेच म्हणाल्या, "तात्या, यावरून." सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की माझी छाती उतरली? दुकानात दोन बाया उभ्या, तात्याराव सत्तरीचे. आणि तात्याराव तरी कसे विचारणार? ते तर बाईमाणसाकडे नीट बघतही नाहीत. त्यांनी मला पांढऱ्या कापडावर पसरलं, खडू फिरवला आणि माझ्या नऊ वर्षांपूर्वीच्या आकाराचा एक सुरेख ब्लाऊज कापला.

तो घरी आला. बाईंनी घालून बघितला. ललिताताई तेव्हा तयारीसाठी राहायला आल्या होत्या. नवा ब्लाऊज खांद्यावरून घसरला, पुढे कटोरी पोकळ उभी राहिली, बोट लावलं तर आत जाईल अशी.

"तात्याचा हात बिघडला वाटतं," बाई म्हणाल्या.

ललिताताईंनी मला उचललं, नव्यावर धरलं, कडेला कड लावली. तंतोतंत. "हात नाही बिघडला," त्या म्हणाल्या. "माप बरोबर आहे. तूच बिघडलीस."

ते वाक्य माझ्या नावावर बोललं गेलं. मला साक्षीला धरून. आणि मी गप्प. आज भांडतोय तो त्याचंच भांडतोय.

लग्नाला तेव्हा एक महिना होता. ब्लाऊज आत घेऊन आणणं हे दोन दिवसांचं काम. पण बाईंच्या मनानं दुसरंच घेतलं. ब्लाऊज दुरुस्त करायचा नाही, स्वतःलाच दुरुस्त करायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे गजर झाला, तो त्यांनी बंद केला. टेकडी बंद. दोन वेळा भात, वर तूप. लग्नघरात पेढ्यांना काय तोटा? "अग खा, आता शोभशील," ललिताताई वाढायच्या, मायेनंच. रोज सकाळी बाई कपाटातून मला काढायच्या, घालायच्या आणि आरशात बघायच्या, आज भरलं का?

माझ्यासारखा जुना कपडा तुम्हाला सांगतो, भरलं नाही. पोट वाढलं. कमरेचा हूक पुन्हा ताणला. वर मात्र तसंच रिकामं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं, चरबी जाताना विचारत नाही; तशी ती येतानाही विचारत नाही. बाई पुन्हा जिन्यात थांबायला लागल्या. त्यांची पाठ पुन्हा घामेजायला लागली. आणि मी रोज छातीशी धरला जायचो, जसा काही मी सरकारी दाखला.

तीन आठवडे असे गेले. काल सकाळी बाईंनी आधी मला घालून पाहिलं, मग नव्या पांढऱ्याला. तात्याराव उरलेलं कापड टाचणीनं ब्लाऊजला लावून देतात, ती टाचणी कधीतरी गळून फरशीवर पडली होती. बाई आरशापुढे पुढे-मागे होत होत्या. अपेक्षा दात घासत दारात आली आणि ओरडली, "आई! पायाला काय झालं?"

"कुठे काय?"

"अग रक्त! सगळीकडे!"

बाईंनी खाली पाहिलं. पांढऱ्या फरशीवर त्यांच्याच पावलांचे लाल ठसे, आरशापासून कपाटापर्यंत, कपाटापासून आरशापर्यंत. टाचणी अंगठ्याखाली अर्धी आत रुतलेली. आणि त्यांना काहीही कळलं नव्हतं.

त्या मटकन पलंगावर बसल्या. अपेक्षाने टाचणी काढली, पाय धुतला, कापसाने दाबून धरला. ती जमिनीवर बसलेली, आईचा पाय मांडीवर. "चालायला का जात नाहीस? गोळ्या घेतेस ना? आई, मी विचारतेय."

मग बाईंनी सांगितलं. पंगतीतलं, बाबांचं, ब्लाऊजचं, सगळं. मोठ्या माणसाने लहान होऊन सांगावं तसं.

अपेक्षा म्हणाली, "सिरियसली, आई? फोटोत ब्लाऊज भरलेला दिसावा म्हणून? आजोबांचा पाय मी पाहिला नाही, पण तू पाहिलायस ना?" आणि रडायला लागली. "मला काहीच कळलं नाही ग. मी त्या कार्यालयाच्या डेकोरेशनमध्येच अडकलेले."

काल दवाखाना झाला. जखम बांधली, साखर तपासली. वाढलेली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच बाईंना जास्त लागलं. "रोज पाय बघायचा, अनवाणी फिरायचं नाही, जखम भरली की टेकडी," एवढंच म्हणाल्या.

आज दुपारी बाई पट्टी बांधलेल्या पायात सपाता घालून इथे आल्या. मला आणि पांढऱ्याला दोघांना घेऊन. ललिताताईही पाठोपाठ आल्या, वाटेत समजावत, "आत पॅड लावून घेऊ. हल्ली सगळ्या लावतात. कुणाला कळतं?" दुकानात आधीच दोन बाया उभ्या होत्या.

"तात्याराव, हा सैल झाला," बाई म्हणाल्या.

तात्यारावांनी पांढरा माझ्यावर ठेवून पाहिला. चष्मा वर केला. "ताई, मापाबरहुकूम आहे की."

"मापच जुनं आहे." बाईंनी श्वास घेतला. मला वाटलं आता पॅड म्हणतील. "माझं वजन वीस-बावीस किलोनं उतरलं, तात्या. छाती उतरली. कमी झाली आणि खाली आली. हा जांभळा आता माझा नाही. मला टेप लावा."

बाहेर गोदाबाईंच्या हातातली मेथी थांबली. दोघी बाया भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागल्या.

"अग, चारचौघांत काय बोलतेस!" ललिताताई म्हणाल्या.

"साखरपुड्यात चारचौघांतच बोललात ना, ताई. तेव्हा कुणी लाजलं नाही. वजन मी उतरवलंय, माझा पाय राहावा म्हणून. मी आजारी नाही. आजारी होते तेव्हा तुम्हाला मी भरलेली दिसत होते."

ललिताताईंची नजर बाईंच्या पायाच्या पट्टीवर गेली, आणि त्यांनी आपला पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला.

तात्याराव उठून उभे राहिले. गळ्यातला टेप हातात घेतला, परत गळ्यात घातला. "ताई, चाळीस वर्षांत मी कधी बाईमाणसाला..."

"ठाऊक आहे. म्हणूनच तुमच्याकडे येते."

त्यांनी वरच्या माळ्यावर हाक मारली, "निकिता, खाली ये ग." सून आली, पीठ लागलेले हात पुसत. तात्यारावांनी तिच्या हातात टेप दिला आणि कापडाच्या काठाची एक लांब पट्टीही दिली, कारण टेपावरचे आकडे त्यांना वाचता येत नाहीत; पडद्यांनाही ते टेपावर खडूची खूणच करतात. प्रत्येक मापाला पट्टीवर खडूची खूण करायची. निकिता आणि बाई पडद्याआड गेल्या. तात्याराव पडद्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आणि मग, घसा खाकरत, भिंतीलाच विचारावं तसं त्यांनी विचारलं, "ताई, कुठे सैल हवाय? कुठे घट्ट? कुठे काचतं?"

पडद्यामागून बाई बोलायला लागल्या आणि थांबेनात. बगलेत काचतो, बसमध्ये वरचा दांडा धरला की कापतो, नेहमीच कापायचा, आठ वर्षं. मागचा गळा एवढा खोल नको, ऑफिसात एसीचा वारा लागतो. कटोरी खाली घ्या, अंग जिथे आहे तिथे. पॅड नको. ताठ दिसायला नको, मला बसायला हवा.

आठ वर्षं कापायचा! मला पहिल्यांदा कळलं. मी स्वतःला केवढा बसणारा समजत होतो.

"पॅड नको," तात्याराव भिंतीला म्हणाले. "कळलं. सगळा उसवतो. आठ दिवस आहेत, होईल."

निघताना त्यांनी विचारलं, "हा जांभळा घेऊन जाता?"

"राहू द्या तुमच्याकडे. पण माझं माप म्हणून नको."

म्हणून मी या खिळ्यावर आहे. उद्या तात्याराव मला फाडून मशीन पुसतील, माझे हूक दुसऱ्या कुणाला लागतील. माझी हरकत नाही. रुबिया मऊ असतं, तेल चांगलं टिपतं. पण जाता जाता माझं एवढं ऐका. बायांनो, तुमच्या कपाटात माझ्यासारखा एखादा असेलच. लग्नातला, बाळंतपणाआधीचा, पंचवीस किलो मागचा. त्याला छातीशी धरून आरशापुढे उभ्या राहू नका. तो कपडा आहे. त्याला तुमचं अंग ठाऊक नाही, त्याला एक जुना दिवस ठाऊक आहे. अंग जगलं, पोरं पाजली, टेकडी चढलं, उतरलं. कोणी म्हणालं की माप बरोबर आहे आणि तू बिघडलीस, तर माझं नाव सांगा. सांगा, खुद्द मापाचा ब्लाऊज म्हणाला, चूक माझी होती.

बाई गेल्या. ललिताताई त्यांच्या मागून, सावकाश, त्यांची पिशवी स्वतःच्या हातात घेऊन. दुकानातली एक बाई जायला निघाली, दारापर्यंत गेली आणि परत आली. "तात्या, मीपण... निकिताला जरा वेळ आहे का?" ती आता पडद्याआड आहे.

तात्याराव खडूच्या खुणांची ती पट्टी दोन्ही हातांत धरून फळीशी बसलेत. एकेक खूण अंगठ्यानं चाचपताहेत. गोदाबाईंनी मेथीची जुडी गाडीवर ठेवली, पदरानं कपाळ पुसलं आणि आत डोकावून म्हणाल्या, "चाळीस वरसं बायांचे ब्लाऊज शिवतोयस, तात्या. बाईला इचारलंस मातुर आज."